पुढच्या सीटचं कापड

एकदा एक वृद्ध कारागीर होता. गाड्यांच्या सीट शिवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. हात थरथरू लागले तेव्हा तो शिष्याला म्हणाला, पुढच्या गाडीचं काम तू एकट्याने कर. ते मनास आलं तर दुकान तुझं.

ती गाडी एका शेठजींची होती. विजेवर चालणारी, आवाज म्हणून नाही. आणि आत बसल्यावर देवघरासारखं प्रसन्न वाटावं, असा त्यांचा आग्रह. त्यांनी घाम शोषून घेणारं, उन्हातही पाठ कोरडी ठेवणारं शुद्ध लोकरीचं कापड निवडलं. फक्त ड्रायव्हरच्या सीटला तसंच दिसणारं नकली घाल, असं ते सहज बोलून गेले; तिथे काय, केरबाच बसणार. शिष्याने प्लास्टिकच्या धाग्याचं कापड असं बेमालूम जुळवलं की डोळ्यांना फरक कळेना. त्याला त्याचा अभिमानच वाटला.

अक्षय्य तृतीयेला, भर उन्हात, गाडीची पूजा होती. नारळ म्हाताऱ्याच्या हातून वाढवायचा होता. त्याने ड्रायव्हरच्या सीटवरून एकदाच तळवा फिरवला आणि भलतंच काही मांडलं. शेठजींना स्टिअरिंगपाशी बसवलं, केरबाला मागे. पूजा होईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, असंही बजावलं.

"केरबाशेठ, कुठे नेऊ आपल्याला?" शेठजींनी थट्टा केली. केरबा मात्र कापड मळेल म्हणून टेकेचना. नीट टेकून बस, असं त्याला दोनदा सांगावं लागलं.

मग स्वस्तिक, हळदकुंकू, फुलं, स्तोत्र, सगळं अगदी सावकाश. नारळ वाढवला आणि दोघे उतरले. शेठजींचा रेशमी झब्बा घामाने पाठीला चिकटला होता. केरबाचं कपाळ ओलं होतं, पाठ कोरडी.

"शेठजी, ऊन दोघांना एकच होतं," म्हातारा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल झाले होते. "तुम्ही तासभर बसणार. हा दिवसभर बसणार, तुमचा जीव हातात धरून. देवापुढचं ताट आणि घरच्यांचं ताट आपण एकाच पातेल्यातून वाढतो ना? मग इथे दोन पातेली कशाला?"

मग तो शिष्याकडे वळला. "शेठजींना कापडातलं कळत नाही, असं एकवेळ म्हणू. तुझ्या बोटांना कळत होतं. खोटं खऱ्यासारखं दिसावं म्हणून एवढी मेहनत घेतलीस, आणि एकदा नाही म्हणायला जीभ रेटली नाही तुझी?"

 दुकानाचा विषय तर शिष्याने मनातूनच काढून टाकला. तो पुढच्या सीटपाशी गुडघे टेकून बसला आणि स्वतःच घातलेले टाके उसवू लागला.

शेठजींनी सावलीत जाऊन पाठीला चिकटलेला झब्बा सोडवला. शेवटी जवळ येऊन त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल.

"दोन दिवस."

"लागू देत. तोवर मी रिक्षाने जाईन."

म्हाताऱ्याने बोटातलं, सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान काढलं, जन्मभर वापरून गुळगुळीत झालेलं, आणि शिष्याच्या बोटात घातलं.

आज घरी गेल्यावर, कामाला येणाऱ्या बाईंचा कप आपण कुठल्या फळीवर ठेवतो, तेवढं जरा पाहा.