बाहेर बघणारा डोळा

"आणि मेलं तर?"

दिनानाथनं कात्री उघडली, पुन्हा मिटली.

त्याच्या गुरू साळूमाई ओट्यावर बसलेल्या.

समोर आश्रमातला पांढरा गुलाब. फ्लोरिबंडा, झुपक्यानं फुलणारा. एके काळी अंगणात कुणी चुना उधळलाय असं वाटायचं. आता फांद्या एकमेकींत घुसलेल्या, पानांवर काळे डाग, कळ्या उमलायच्या आधीच करपलेल्या.

गेल्या साली याच शिष्यानं शेजारचं झाड छाटलं. ते पुन्हा फुटलंच नाही. त्यात माई आजारी, आणि सगळा आश्रम म्हणत होता, माईंचा जीव या झाडात आहे. लोक काहीही म्हणतात. भ्यालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"माई, हे गेलं तर तुम्ही..."

"मरेन. बोल की! शब्द चावतो का?"

त्यानं एक फांदी हातात धरली.

"डोळा बघून काप."

त्यानं माईंच्या डोळ्यांत बघितलं.

"माझा नव्हे रे, वेंधळ्या! फांदीचा."

पानाच्या बेचक्यात लालसर टिंब होतं. नवी फूट तिथूनच येते. त्यालाच डोळा म्हणतात. दिनानाथनं एक निवडला, वर कात्री टेकवली.

"कुठं बघतोय तो?"

"आत. झाडाच्या पोटात." त्याला जरा ताठा आला. "आत बघावं, हेच तर साधलंय मी, माई. तासन् तास डोळे मिटून..."

माईंची काठी त्याच्या मनगटावर बसली. कात्री मातीत पडली.

"आत बघून बघूनच गुदमरलंय ते."

"मग... मी इतकी वर्षं डोळे मिटून काय करत होतो?"

"भीत होतास."

त्यानं कात्री उचलली. कुंपणाकडे तोंड केलेला डोळा शोधला, वर तिरका काप दिला.

फांदी आतून तपकिरी. मेलेली.

"खाली घे."

आणखी खाली कापली. तपकिरीच.

"अजून खाली."

"खाली आता मुळंच आहेत, माई!" त्याचा आवाज फाटला. "हिरवं लागलंच नाही तर? तुम्हाला भीती नाही वाटत?"

माईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"वाटते तर... काप."