उघड्या पायांचे घुबड

एकदा एका वृद्ध प्रवचनकाराने आपल्या शिष्याला नदीपलीकडच्या भोयांच्या वस्तीत पहिलेच प्रवचन करायला सांगितले. दिवसभर जाळी ओढून दमलेले ते लोक. मन रमले नाही तर सरळ उठून जात. तिथे आपली फजिती झाली तर गुरुजी पुन्हा कधी बोलायला बसवणार नाहीत, या धास्तीने शिष्याची झोप उडाली होती. त्यात पाठांतरात तो कच्चा. म्हणून त्याने विद्वान गुरुबंधूकडून अवघड अवघड श्लोक मागून घेतले, आणि शोभेला त्याचा जरीचा शेलाही.

दिवस कलताना दोघे काठावर आले. नाव तयार होती; पण गुरुजींनी नावाड्याला रिकामीच नाव पलीकडे न्यायला सांगितली आणि स्वतः धोतर खोचून उथळ पाण्यात उतरले. या वयात यांना हे काय सुचले, असे मनाशी म्हणत शिष्यही मागोमाग निघाला. मधोमध त्याचा पाय घसरला. शेला भिजून असा जड झाला, की तो सावरता सावरता सगळे श्लोक डोक्यातून पार पळाले.

समोरच खडकाशी, घोटाभर पाण्यात एक भलेमोठे घुबड उभे होते. त्याने पंजा मारून मासा उचलला आणि ते झाडावर जाऊन बसले. शिष्य रडकुंडीला आला होता, तरी त्याला हसू फुटले. देवळातल्या घुबडाचे पाय कसे पिसांनी झाकलेले असतात, याचे मात्र अगदीच उघडे; बिचाऱ्याला देवाने कमी दिले, असे तो म्हणाला.

"कमी नाही दिलं," गुरुजी म्हणाले. "त्याला पाण्यात उतरून पोट भरायचं असतं. पायांना पिसं असती तर तीही भिजून जड झाली असती, तुझ्या शेल्यासारखी. श्लोक सांगणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. तुझं बोलणं साधं आहे, म्हणून इथं तुला आणलं."

काठावर पोचताच शिष्याने शेला पिळून झुडपावर वाळत टाकला. पारावर बसल्यावर, येताना नदीत कोण भेटले हेच त्याने आधी सांगितले, आणि बोलणे हळूहळू देवापर्यंत नेले. कोणी उठले नाही. शेवटी एक म्हातारी गुरुजींच्या पाया पडून म्हणाली, "म्हाराज, उद्याच्याला बी ह्यालाच धाडा."

परतताना नावेत शिष्याला एकेक करून सगळे श्लोक आठवले. त्याने ते खडाखडा म्हणून दाखवले. गुरुजींनी कौतुकाने मान डोलावली आणि विचारले, "शेला घेतलास ना?"

शेला पलीकडे झुडपावरच राहिला होता. उद्या यायचेच आहे, असे म्हणून शिष्य मनमोकळा हसला.