हुसेनबीची डेग

फार फार वर्षं झाली, किती ते मला विचारू नका. बोरखिंडीची मशीद तेव्हा कुडाची होती, वर पाचट घातलेलं. हजला जायची कुणाचीच ऐपत नव्हती. पण नमाज, रोजा, जकात यांत गाव कुणाला हार जायचं नाही. रमजानात सगळा मोहल्ला मशिदीच्या अंगणात एकत्र रोजा सोडायचा. खजूर मिळाला तर मिळाला, नाहीतर सगळ्यांसाठी रांधणाऱ्या हुसेनबीच्या डेगीतल्या, म्हणजे मोठ्या हंड्यातल्या, जोंधळ्याच्या कण्या होत्याच. त्या कण्या तोंडात गेल्या की दिवसभराची तहान माणूस विसरायचा, असं म्हणतात.

आता बांग देणारा दस्तगीर पिंजारी. माणूस नेकीचा, पण संशयी. अहो, किती संशयी? दूधवाल्यावर संशय, वाण्याच्या तराजूवर संशय; ईदचा चांद समोर दिसला तरी हा डोळे चोळून म्हणायचा, "ढग नसेल कशावरून?"

तर हा रोज दुपार कलली की मशिदीच्या ओट्यावर बसून अंगणातल्या डेगीकडे बघायचा. हुसेनबी पळी उचलायची, थेंबभर जिभेला लावायची आणि राखेत थुंकायची. मीठ बघत होती बिचारी! एवढ्या माणसांचं रांधायचं, ते नुसत्या अंदाजानं कसं जमेल? पण दस्तगीरच्या डोक्यात किडा वळवळला. थुंकली खरी, पण थेंब घशाखाली गेला नसेल कशावरून?

त्यानं मौलवींना गाठलं. मौलवी म्हणाले, "अरे बाबा, गरजेपुरतं चाखून थुंकलं तर रोजा तुटत नाही." ह्याला ते पटेल तर शप्पथ! मौलवीही तिच्याच हातचं खातात, ते तिचीच बाजू घेणार, असं त्याच्या मनानं घेतलं. मग तो विहिरीवर बोलला, पारावर बोलला, आणि बघता बघता गावभर झालं की हुसेनबी चोरून खाते. बायका तिला बघून कुजबुजू लागल्या. लहानपणापासून एक रोजा न चुकवलेली बाई ती. तिच्या जिवाला फार लागलं. डेग तिनं सोडली नाही, पण कुणाशी बोलेनाशी झाली.

आणि अशाच एका संध्याकाळी नवल घडलं, असं म्हणतात. दस्तगीरनं बांग दिली, रोजा सोडला, पहिला घास घेतला आणि ओरडलाच, "अळणी!"

शेजारचा बाबालाल म्हणाला, "काय बोलतोस? झकास झाल्यात की."

झालं! हिनं माझ्यापुरतं वेगळं वाढलं, असं दस्तगीरला वाटलं. त्यानं बाबालालची थाळी ओढली. तीही अळणी. मिठाची चिमूट जिभेवर टाकली, तर ती मातीसारखी लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अन्न घशाखाली उतरेना. शेवटी सगळ्या जमातीदेखत तो डेगीपाशी जाऊन उभा राहिला.

"खाला, माझ्यावर काय करणी केलीस?"

हुसेनबीनं पळी खाली ठेवली. किती दिवसांनी ती बोलली. "मी काय करणार, बाबा? माझ्या तोंडात काय जातंय ते बघत बसलास. तुझ्या तोंडातून काय बाहेर पडतंय, ते बघितलंस का? माझी बदनामी केलीस, दस्तगीर. तू नुसता उपाशी राहिलास. रोजा कुठं राहिला?"

दस्तगीर मटकन खाली बसला. एवढा बाप्या माणूस, सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. "माफ कर खाला, मी वाईट बोललो, खोटं बोललो." रडता रडता गालावरचं पाणी ओठाशी आलं, आणि खारट लागलं. तेव्हा तो आणखीच रडला. हुसेनबीनं त्याची थाळी भरली.

हुसेनबी गेली, दस्तगीरही गेला, मशीद पक्की झाली. पण बोरखिंडीत आजही रमजानात कण्या शिजत आल्या की बांग देणारा ओट्यावरून हाक देतो, "पाठ फिरवा!" अंगणातली सगळी माणसं, म्हातारी काय नि पोरं काय, डेगीकडे पाठ करून बसतात. मग रांधणारी बाई पळी उचलते. एखादा नवखा पाहुणा मान वळवू लागलाच, तर शेजारचा त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवतो.