झाकण नको म्हणणारा तवा

चूक तव्याचीच होती. फार पूर्वी एका स्वयंपाकघरात हा लोखंडी तवा सगळ्या भांड्यांचा आजोबा होता आणि लहानग्या शर्वरीवर त्याचा भारी जीव. एका सकाळी तिच्यासाठी त्याच्यावर अंडं-चीजचा टोस्ट पडला.

झाकण म्हणालं, "आजोबा, एवढे तापू नका, मला वर बसू द्या. चीज वाफेवर वितळतं."

"भाकरीवर कधी झाकण ठेवतात का रे? पोरीसाठी काय करायचं ते मला कळतं."

"ही भाकरी नाही. तुम्हाला माया करता येते, ऐकता येत नाही."

तव्यानं अंग हलवून झाकण पाडलं आणि तो आणखी तापला. पाव खालून कोळसा झाला, वर अंडं कच्चंच राहिलं. शर्वरी उपाशी शाळेत गेली. तेव्हापासून तिचा टोस्ट पॅनमध्ये होऊ लागला. तव्याला तिच्यासाठी पुन्हा काहीच करायला मिळालं नाही.