बोयाराच्या टोपीवरचा साक्षीदार

तीन दिवसांत साक्षीदार आणायचा, आणि तोही असा की साठ वर्षांपूर्वी जागेवर हजर होता, दोन्ही बाजूंपैकी कुणाचा नातलग नाही आणि कुणाच्या घरची भाकरी त्याने खाल्लेली नाही. तो मिळाला नाही तर कुरण स्त्रोए बोयाराला! ओल्तेनियाच्या बानाने असा हुकूम सोडला आणि ओस्त्रोवेल गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

ओल्तेनिया म्हणजे वर कार्पाथियन डोंगर, खाली डॅन्यूब नदी आणि मधोमध डोंगरातून धावत येणारी जिऊ. त्या मुलखाचा कारभारी तो बान, आणि बोयार म्हणजे तिथला बडा जमीनदार. गावाच्या जुन्या सनदेत एवढंच लिहिलं होतं की गावची जमीन जिऊपर्यंत. पण जिऊ काही एका जागी बसणारी नाही. साठ वर्षांपूर्वी ती एका पुरात गावाच्या बाजूला सरकली आणि गावचं कुरण नदीपलीकडे, बोयाराच्या अंगाला गेलं. जुनं पात्र गाळाने भरलं, त्यावर गवत आलं. आता स्त्रोए म्हणायचा की नदी पहिल्यापासून इथूनच वाहते, पलीकडचं सगळं माझं, आणि तिथे माझ्या आजोबांचा द्राक्षमळा होता.

द्राक्षमळा म्हणे! त्याच्या आजोबांनी द्राक्षं लावलेली कुणी बघितली नव्हती. प्यायलेली मात्र सगळ्यांनी ऐकली होती.

त्या मुलखात हद्द ठरली की गावची पोरं तिथे नेऊन त्यांचे केस ओढायची रीत होती. पोरगं रडतं आणि हद्द जन्मभर विसरत नाही. पण त्या वेळी केस ओढलेली सगळी पोरं पुढे म्हातारी होऊन प्लेगात गेली. स्त्रोएला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याला एवढा जोर. कुरण गेलं की गुरं विकावी लागणार, आणि गुरं विकली की अख्ख्या गावाला बोयाराकडे वेठीला जावं लागणार. तो गावात येऊन कुणाच्या म्हशी कुठल्या गोठ्यात बांधायच्या तेसुद्धा सांगून गेला.

ओप्रेया गवळ्याची मुलगी स्तांका. घरात आई नाही, त्यामुळे चूल सारवण्यापासून म्हशी धुण्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर. बापाने रात्रंदिवस डोक्याला हात लावलेला. ती त्याला एवढंच म्हणाली की बाबा, आधी जेवा, साक्षीदाराचं नंतर बघू.

तिसऱ्या दिवशी बान घोड्यावरून कुरणात आला. स्त्रोए आधीच हजर, मखमली अंगरखा आणि केसाळ टोपी घालून. तिथली शपथ अशी की वादाच्या जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घेऊन हद्दीवरून चालायचं. खोटं बोललास तर हीच माती तुला गिळेल, असं लोक मानत. स्त्रोएला मातीची नाही, अंगरख्याची काळजी. मातीचा एक कणही खाली पडता कामा नये, अशी त्याने गड्याला तंबी दिली होती. गडी बिचारा सगळं कुरण हिंडला आणि पार टोकाला, पिंपळासारख्या पानांच्या उंच झाडांच्या रांगेखालून, चांगलं चिकट, गवताने बांधलेलं ढेकूळ कापून घेऊन आला. ते टोपीवर ठेवून बोयार असा मान ताठ करून उभा राहिला, जसा काही मुकुटच घातलाय.

बानाने गावाला विचारलं की साक्षीदार कुठाय. सगळे जमिनीकडे बघायला लागले. स्तांका मात्र बोयाराच्या डोक्याकडे बघत होती. ती पुढे झाली आणि म्हणाली की आधी मालकांना विचारा, हे ढेकूळ कुठलं?

"माझ्या आजोबांच्या द्राक्षमळ्यातलं," स्त्रोए म्हणाला. "त्या झाडांखालचं. नदी तिथून अर्ध्या कोसावर आहे."

"आणि नदी तिथे कधीच नव्हती?"

"कधीच नाही! याच मातीची शपथ."

"मग सरकार, साक्षीदार आलाय," स्तांका म्हणाली. "मालकांच्या डोक्यावर बसलाय."

लोक दचकले. बानाने खूण केली तसं तिने ढेकूळ उतरवलं आणि फोडलं. आत निळसर चिकणमाती, आणि मातीत एक शिंपला, दोन्ही झाकणं घट्ट मिटलेली.

"ही माती आम्ही बायका चुलीला लावतो. ती फक्त नदीच्या तळाशी मिळते, आणि दर वेळी तिच्यातून शिंपले वेचून टाकावे लागतात," ती म्हणाली. "पुरुषांना कशाला माहीत असणार? ते चुलीपाशी फक्त जेवायला येतात."

स्त्रोए चिडून म्हणाला की एखाद्या पक्ष्याने टाकला असेल.

"पक्षी शिंपला उघडून खातो, मालक. मिटवून परत ठेवत नाही."

बानाने माणसं लावून त्या झाडांच्या रांगेने खणायला लावलं. जिथे खणावं तिथे वीतभर खाली निळी माती, गोल गोटे आणि शिंपल्यांचा थर, सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेला.

"हा साठ वर्षांपूर्वी इथेच होता," स्तांका तळहातावरचा शिंपला दाखवत म्हणाली. "याचा कुणी नातलग गावात नाही. आमची भाकरी याने खाल्ली नाही. आणि मालकांच्या आजोबांची द्राक्षंही खाल्लेली दिसत नाहीत."

बानाच्या मिशा हलायला लागल्या. त्याने कसंबसं हसू आवरून निकाल दिला की हद्द या झाडांपाशी आणि कुरण गावाचं. मग रीतीप्रमाणे केस ओढायला गावची पोरं बोलावली.

"पोरांना कशाला रडवता, सरकार?" स्तांका म्हणाली. "त्यांच्या लक्षात राहतंच. ज्यांना विसर पडतो, त्यांचे ओढा."

स्त्रोएने घाईघाईने दोन्ही हातांनी टोपी धरली. ते बघून बान असा हसला की घोड्याची आयाळ धरून उभा राहिला. डोळे पुसून झाल्यावर त्याने सनदेवर नवा शिक्का मारला, बोयाराच्या गोठ्यातली म्हशींची सगळ्यात चांगली जोडी स्तांकाला दिली आणि बोयाराला म्हणाला, "काढा टोपी."