ओ देणारं टाकं

डोंगराच्या पोटात कोरलेलं हे टाकं. पाणी खुशाल प्या पाहुणे, पण इथे कुणाला हाक मारू नका. आणि आमच्या वाडीत एखाद्या पोराचं हजरजबाबी म्हणून कौतुक करायला जाल, तर त्याची आई तोंड फिरवील. तो शब्द आम्ही माणसाला लावत नाही, या टाक्याला लावतो.

फार मागे ठकू नावाची सून होती, म्हणे. समोरच्याचा प्रश्न ओठांत असायचा आणि हिचं उत्तर तयार! सासू म्हणायची, "अगं, जरा दम तर घे!" पण दम घेईल ती ठकू कसली!

एका वर्षी टाकं आटलं. घरी तिची चार वर्षांची लेक चिमी तहानेनं कासावीस झालेली. भर दुपारी ठकू घागर घेऊन तळाशी उतरली, तर खडकातून आवाज आला, "कोण गं?"

"दिसत नाही? तहानलेली!"

बोलता बोलता पाणी बोटभर चढलं. आवाज विचारत गेला, ही फटाफट उत्तरं देत गेली आणि दर उत्तराला पाणी वर येत गेलं. ठकूला चेवच चढला. घागर भरली, ती पायऱ्या चढू लागली, तेव्हा शेवटचं विचारणं झालं, "लेकीनं हाक मारली तर ओ कोण देणार?"

"जो आधी ऐकेल तो!" ठकू हसत बोलून गेली. टाकं काठोकाठ भरलं.

संध्याकाळी अंगणातून चिमी म्हणाली, "आई!" ठकू दारातच होती. तिनं तोंड उघडण्याआधी टाक्याकडून ओ आली, तिच्याच आवाजात. पोर हसत तिकडे निघाली.

"अगं, मी इथंय!" ठकू ओरडली. तेही शब्द आधी टाक्याकडूनच आले.

पोर पळत सुटली. मागून ठकू जीव खाऊन धावली. चिमीचा एक पाय पाण्यात गेला होता, तेव्हा कुठे तिचा परकर हाताला लागला. लेकीला पोटाशी धरून ठकू रडली, पण तोंडातून आवाज काढला नाही. त्यानंतर ती जन्मात बोलली नाही, असं सांगतात. सासूनंच नातीला शिकवलं, "लगेच ओ आली तर हलायचं नाही बाई. जिचा हात लागेल, ती आई."

आजही आमच्या बाया लेकराला ओ देत नाहीत. हातातलं काम टाकून जातात आणि त्याच्या पाठीवर हात ठेवतात. टाकं पुन्हा कधी आटलं नाही. परगावचं एखादं पोर इथं 'आई' म्हणालं, तर हाक पुरी व्हायच्या आत ओ येते, आणि फार मायेची येते हो. ताई, तुमच्या लेकीचा हात आधी धरा.