थकलेला बंधारा आणि तिवरं

फार मागची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावाने किनाऱ्यावरची तिवरांची झाडं तोडून तिथे दगडी बंधारा घातला. दर उधाणाला त्याचे चार दगड निखळत आणि गावकरी ते पुन्हा रचत. तिवरांबरोबर चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले खेकडे, आणि कोळंबीही गेली. जाळी रिकामी येऊ लागली, तसे लोक गाव सोडू लागले.

पूर्वी चिंबोऱ्या धरून पोट भरणारी चांगुणाबाई तेवढी राहिली. एका ओहोटीला ती बंधाऱ्यापुढच्या चिखलात तिवराची रोपं लावू लागली.

"कशाला गं बाई?" बंधारा म्हणाला. "मी दगडाचा असून थकलो. ही कोवळी रोपं काय टिकणार?"

"मी पण थकलेय रे बाबा. पण आमची चूल याच चिखलावर पेटायची."

त्या वर्षी निम्मी रोपं वाहून गेली. तिने पुन्हा लावली. असं सात वर्षं चाललं.

आठव्या वर्षी मोठं उधाण आलं. लाटा तिवरांच्या मुळांत अडकल्या आणि बंधाऱ्यापर्यंत नुसतं पाणी पोचलं. एकही दगड हलला नाही.

"तुम्ही दमत नाही?" बंधाऱ्याने तिवरांना विचारलं.

"दमतो की. पण आम्ही पुष्कळ आहोत. शिवाय वाढतोही."

हळूहळू चिंबोऱ्या परतल्या, मागोमाग माणसंही. चांगुणाबाईला मात्र आता चिखलात उतरवत नव्हतं. बायका भरल्या टोपल्या घेऊन येताना ती काठावरून बघत उभी राहिली.

"बस माझ्यावर," बंधारा म्हणाला. "आता मला तेवढंच काम आहे."